आत्याच्या मोबाईलमधली बाई

आमच्या घरात मोबाईलचं काही अडलं की माझ्याकडे यायचं, हे ठरूनच गेलं होतं. मी भिवंडीत एका गोदामात कॉम्प्युटरवर मालाची नोंद करते. फुकटात चांगलं काय मिळतं ते शोधायची मला पहिल्यापासून खोड. सासऱ्यांच्या फोनवरची अक्षरं मोठी करून दे, नणंदेच्या मुलीच्या वहीचे फोटो जोडून एक फाईल कर, शेजारच्या चाचीला आलेला मजकूर वाचून दाखवणारं ॲप टाकून दे, ही कामं मी हौसेनं करायचे. त्यामुळे आत्याचा आवाज जाणार हे कळलं, तेव्हाही सगळे माझ्याच तोंडाकडे बघायला लागले.

आत्या भिवंडीजवळच्या शेलार गावात राहते. आमच्या आगरी लग्नात धवलारीण लागते. प्रत्येक विधीचं गाणं, म्हणजे धवला, तीच म्हणते. आत्या ती धवलारीण. तिला माईक कधी लागला नाही. मांडवाच्या एका टोकाला ती बसली की दुसऱ्या टोकाला जेवणाऱ्यांचे हात थांबायचे. तिच्या जोडीला गल्लीतलीच एक मैत्रीण असायची. आत्यानं ओळ टाकायची, मैत्रिणीनं उचलायची. ती मैत्रीण आत्याच्या दुखण्याआधीच गेली. तेव्हापासून आत्या दोघींच्याही ओळी एकटीच म्हणायची.

घसा बसलाय, बसलाय म्हणत तिनं अंगावर काढलं. शेवटी मुंबईच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी सांगितलं, गाठ स्वरयंत्रावर आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. आत्यानं विचारलं, "मंग मी बोलनार कशी?"

डॉक्टर म्हणाले, "आजी, आधी जीव वाचवू."

त्या दिवसांत आम्ही तपासण्या, रक्त, सह्या यांतच धावत होतो. आत्याचा आवाज तेव्हा घोगरा झाला होता, पण होता. माझ्या पर्समध्ये फोन होता, त्यात फुकटचं रेकॉर्डर होतं. ते बटण दाबायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही. पुढे वाचनात आलं की काही ठिकाणी ऑपरेशनच्या आधी माणसाची वाक्यं नोंदवून घेतात आणि त्यावरून त्याच्यासारखा बोलणारा आवाज तयार करतात. मराठीत ते होतं का, ठाऊक नाही. मी शोधलं तेव्हा शोधण्याला काही अर्थ उरला नव्हता.

ऑपरेशन नीट झालं. गळ्याला श्वासासाठी भोक ठेवलं होतं, त्यावर आत्या पातळ रुमाल बांधायची. मी तिच्या मोबाईलवर लिहिलेलं बोलून दाखवणारं एक ॲप टाकलं. मोठी बटणं केली: पाणी, चहा, दुखतंय, टीव्ही बारीक कर. आत्या चौथीपर्यंत शिकलेली. एका बोटानं अक्षर शोधत ती बाकीचंही लिहायला लागली.

पहिल्यांदा फोन बोलला तेव्हा घर हसलं. गुळगुळीत, बातम्या देणाऱ्या बाईसारखा आवाज म्हणाला, "मला चहा हवा आहे." आत्याही हसली. मग तिनं बराच वेळ लावून काहीतरी लिहिलं आणि फोन माझ्यापुढे धरला. तो त्याच गोड आवाजात बोलला, "ही मी न्हाय. ही कोनी शालंतली बाई हाय."

तरी त्या बाईशी तिनं जमवून घेतलं. भाजीवाल्याशी हुज्जत घालायला तिला ती चालायची. फक्त धवल्याचं कुणी काही काढलं की आत्या फोन पालथा घालायची.

मग तिच्या नातीचं लग्न ठरलं. हळदीला दुसऱ्या गावची धवलारीण बोलवली होती, ती वाटेत गर्दीत अडकली. भटजी घाई करत होते. कुणीतरी म्हणालं, "आत्या, मोबाईलवर लिव ना, बोलंल तो." आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, निदान शब्द तरी तिचे असतील. मी मान डोलावली. तिनं लिहिलं, मी फोन डीजेच्या पेटीला जोडला. हळदीचा धवला मांडवभर वाजला, चाल नाही, हेल नाही, रेल्वेची घोषणा व्हावी तसा. पोरं फिसकन हसली. बायका खाली बघायला लागल्या. आत्यानं हात पुढे करून वायर काढली आणि नातीच्या गालाला हळद लावली. ओठ हलत होते तिचे. आवाज नव्हता.

लग्न उरकल्यावर मी चंगच बांधला. नातेवाइकांच्या सगळ्या ग्रुपवर टाकलं: कुणाकडे आत्याचा जुना व्हिडिओ असेल तर पाठवा. व्हिडिओ ढिगानं आले. नवरदेवाची घोडी, केक, डीजेपुढे नाचणारे मामा. आत्या कुठे कुठे कडेला दिसायची, तोंड उघडं, आणि वर ढोलकीचा, फटाक्यांचा गदारोळ. आम्ही इतकं शूटिंग केलं होतं आणि कॅमेरा कुणी तिच्याकडे धरला नव्हता.

एक क्लिप जरा बरी निघाली. गर्दीच्या आवाजातून माणसाचा आवाज वेगळा काढून देणारी एक सेवा इंटरनेटवर फुकट सापडली. आम्ही राहतो त्या नारपोलीत भिंतीपलीकडे कापडाचे लूम खडखडत असतात, घरात काही धड ऐकू येत नाही. म्हणून सुट्टीच्या दुपारी मी शेलारला जाऊनच ती क्लिप चढवली. आत्या शेजारी बसली होती. थोड्या वेळानं ढोलकी विरली, माणसं विरली, आणि पाण्याखालून यावा तसा एका बाईचा आवाज वर आला. धवल्याच्या दोन-चार ओळी, बस. माझे डोळे भरले. "आत्या, तूच!"

आत्यानं कान फोनला लावला. पुन्हा लाव, अशी खूण केली. मग डोळे मिटून मान हलवली, नाही म्हणून. तिनं लिहिलेलं फोन बोलला, "मी न्हाय. ती हाय. माझी जोडीदारीन." आत्याची ओळ ढोलकीखाली पार पुसली गेली होती, मैत्रिणीनं उचललेली तेवढी उरली होती.

माझा चेहरा पडला. आत्या मात्र ती क्लिप ऐकतच राहिली. मैत्रिणीच्या ओळीनंतर जी शांतता यायची, तिथे ती ओठ हलवायची.

क्लिप मैत्रिणीच्या सुनेला पाठवली. ती दुसऱ्याच दिवशी आली, सासूचा आवाज ऐकून रडली, आणि म्हणाली, "आत्या, मना शिकवा."

आता ती अधूनमधून येते. शब्द आम्ही तिघींनी मिळून इंटरनेटवरच्या एका फुकट फाईलमध्ये टाकलेत. आत्या लिहिते, मी शुद्धलेखन न सुधारता उतरवते. गावातली कुणीही बाई ती फाईल उघडू शकते. चालीचं काय करायचं ते कळत नाही. आत्या मांडीवर ताल धरते, हात वर नेऊन चढ दाखवते, खाली आणून उतार दाखवते. सून म्हणते. क्लिपमध्ये आहेत तेवढ्या ओळी बरोबर येतात. पुढच्या ओळीला आत्याचा हात हवेत थांबतो, ती नाही म्हणून मान हलवते. सून पुन्हा म्हणते, जरा वेगळं. आत्या पुन्हा मान हलवते. कुठे चुकतंय ते लिहायला ती फोन हातात घेते, थोडा वेळ त्याच्याकडे बघते आणि न लिहिताच खाली ठेवते.