सादड्याच्या ढोलीतले कोळी

त्या गुन्ह्यातला कागद अन् कागद मला अजून आठवतो, आणि आठवला की वाईट वाटतं. सेवेत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांतलं बरंचसं विसरलो. हा आठ पायांच्या कोळ्यांचा गुन्हा मात्र डोक्यातून जात नाही.

तेव्हा मी नाशिकमधल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना कुरिअरच्या दुकानातून फोन आला. "साहेब, पार्सलात औषधाच्या डब्या आहेत, झाकणाला भोकं पाडलेली. आत काहीतरी हलतंय." डब्या उघडल्या तर कापसात नखाएवढी केसाळ कोळ्यांची पिल्लं. वनखात्याला कळवलं. वनपाल येऊन म्हणाले, "टॅरँटुला आहेत, आपल्याच डोंगरातली दुर्मीळ जात. हौशी लोक काचेच्या पेटीत पाळतात, वाटेल ती किंमत देतात. पकडणं, विकणं, दोन्ही गुन्हा." हवालदारांना हसू आवरेना. घरात कोळिष्टक दिसलं की बायको झाडू घेते, आणि लोक कोळी विकत घेतात!

पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा होता, पण दुकानातल्या कॅमेऱ्यात मोटारसायकलचा नंबर दिसला. माणूस मूळचा निफाडकडचा, अंबडच्या कारखान्यात फिटर, चाळिशीचा. दोन पंच घेऊन घरझडती घेतली. एका खोलीत ओळीने बरण्या, आणि मोठ्या पेटीत तळहाताएवढी राखाडी मादी. शिपाई पेटी उचलू लागला तसे त्याने हात जोडले. "हळू साहेब, हिसका नका देऊ. पडली तर पोट फुटून मरंल ती." मुद्देमालाची काळजी करणारा आरोपी मी पहिल्यांदाच पाहत होतो.

चौकशीत त्याने सगळं कबूल केलं. मादी जंगलातून आणली, पिल्लं घरी झाली, काही विकली. जागा मात्र सांगेना. मला वाटलं, मागे टोळी आहे आणि हा कुणाला तरी वाचवतोय. दोन दिवस डोकेफोड केली. माझा अनुभव असा, की धाकाला न बधणारा माणूस जिवाच्या गोष्टीपाशी बधतो. तिसऱ्या दिवशी चहा मागवला आणि म्हणालो, "जागा कळली तर कोर्टाची परवानगी काढून सगळे तिथेच सोडू. नाहीतर डब्यांतच मरतील."

तो रडायला लागला. "सांगतो साहेब, पण कागदावर नका घेऊ. लय थोड्या झाडांवर उरलेत हे. जागा फुटली तर एक राहणार नाय."

"बघू," मी म्हणालो. पोलिसाच्या 'बघू'चा अर्थ मला ठाऊक होता, त्याला नव्हता.

त्याने जागा नेऊन दाखवली: सुरगाण्याच्या बाजूचा पाडा, त्यामागची राई, राईत सादड्याचं एक जुनं झाड. माझ्या पंचनाम्यात वकिलाला कधी फट सापडली नव्हती, याचा मला गर्व होता. पाड्याचं नाव, ओढ्यापासून पावलं, कितवं झाड, ढोली जमिनीपासून किती उंच, सगळं लिहिलं. पाड्यातल्या एका म्हाताऱ्याला पंच म्हणून घेतलं. झाडाखाली उभं राहून फोटो काढला. प्रेस नोटबरोबर तो फोटोही दिला, पाड्याच्या नावासकट बातमी छापून आली, वरिष्ठांनी पाठ थोपटली. पुढे परवानगी मिळाली आणि वनखात्याने मादी आणि पिल्लं त्याच ढोलीत सोडली. मी खूश होतो. दिलेला शब्द पाळला होता ना!

पुढच्या उन्हाळ्यात वनपालांचा फोन आला, "एकदा येऊन जा." गेलो. सादड्याची साल कुऱ्हाडीने सोलून काढली होती, ढोली फोडून रुंद केली होती. आजूबाजूच्या झाडांचीही तीच गत. एकही कोळी नव्हता. पंच झालेला म्हातारा तिथेच उभा होता. मी त्याच्यावरच खेकसलो, "बाबा, इतके लोक आले, तुम्ही रस्ता कशाला दाखवला?"

"आमाला कोणी इचारलाच नाय, साहेब," तो म्हणाला. "गाडीतून उतरलं नि सरळ झाडाशी गेलं. मोबाइलात तुमचा फोटू होता त्यांच्याजवळ."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. मी गाडीत जाऊन बसलो.

फिटरला शिक्षा झाली, ती व्हायलाच हवी होती. पहिला हात त्यानेच घातला होता. सुटल्यावर तो एकदा बाजारात भेटला. नमस्कार करून म्हणाला, "बरे हायेत ना साहेब ते? मी काय तिकडं गेलो नाय परत."

मी खरं ते सांगितलं.  तो हळूच म्हणाला, "कागदावर घेतलं का?"

मी मान हलवून हो म्हटलं. तो निघून गेला.

आरोपीला बोलतं करणं ही पोलिसाची कर्तबगारी, असं मी नव्या पोरांना वर्षानुवर्षं शिकवलं. ऐकलेलं सगळं लिहायचं नसतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. सेवेत ज्याचं गप्प राहणं बरोबर होतं असा आरोपी मला एकच भेटला, आणि त्यालाही मी बोलायला लावलं.