टेका, पावणं

आमचे दाजी कुणाला 'बसा' म्हणत नसत. कुंडलच्या त्यांच्या सोप्यात पाहुणा आला, की घोंगडं झटकून अंथरायचे आणि म्हणायचे, "टेका, पावणं." जेवणाच्या पंगतीला हाक द्यायची तर, "टेका मंडळी, ताटं वाढलीत." तालुक्याहून एकदा कुणी साहेब आले होते. त्यांच्याही पुढ्यात खुर्ची सरकवून दाजी म्हणाले, "टेका सायेब." साहेब बिचारे टेकायला भिंत शोधू लागले. गाव हसायचं. लष्करात राहून आलेल्या माणसाचं हे एक खूळ, असं धरून चालायचं. मीही हसणाऱ्यांत असे. त्या शब्दामागचं कारण आम्हा दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातलं अर्धं मला एकट्याला.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. ऊस लावणारे शेतकरी. पण पहिल्या महायुद्धात बसऱ्याकडे लष्कराच्या लॉऱ्या चालवून आलेले. तिथल्या वाळवंटाची गोष्ट ते कुणालाही ऐकवत. "चाकं वाळूत रुतलेली. मी गाडीला नुसता दम दिला, आन् ती भायेर आली!" दर वेळी वाळू वाढत जाई. आतून अक्का म्हणे, "मागच्या दिवाळीला गुडघाभर होती, आता कमरेला आली. पुढच्या वर्षी तुम्ही बुडणार बघा."

आमचं घर सांगलीला, विश्रामबागेत. वडिलांची एक जुनी, ऐसपैस मोटार होती. लग्नकार्यं, जत्रा, बाळंतिणीला माहेरी आणणं, सगळं तिच्यातूनच. दाजी तिला 'म्हातारी' म्हणत. दुसरं महायुद्ध लागलं, पेट्रोल मिळेना, तेव्हा बऱ्याच लोकांनी केलं तेच वडिलांनी केलं: गाडीच्या पाठीमागे कोळशाची भट्टी जोडून घेतली. कोळशाच्या गॅसवर म्हातारी धापा टाकत चालायची. पण त्या लोखंडी भट्टीचा सगळा भार मागच्या पाट्यांवर आला. पाटे म्हणजे गाडीच्या पोटाखालच्या, एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. धनुष्यासारख्या वाकलेल्या असतात, म्हणून धक्का झेलतात. आमचे झेलून झेलून सपाट होत चालले होते. नवे मुंबईतही मिळत नव्हते. मग गाडी कुंडलला, दाजींच्या अंगणात येऊन राहिली.

दाजी गाडीत कधी सरळ चढत नसत. आधी मागे जाऊन मडगार्डवर दोन्ही तळवे ठेवायचे, अंगाचा भार टाकून दाबायचे आणि झटकन सोडायचे. "दाबलं की खाली जावं, सोडलं की वर यावं. वर येत न्हाई ती गाडी न्हवं, तिरडी हाय." हीच तपासणी ते माणसांचीही करत. वडील कोर्टाच्या खेपा घालून थकले होते, तेव्हा त्यांच्या खांद्यावर तळवा दाबून दाजी म्हणाले, "आवं मामा, डावा पाटा दमलाय तुमचा. झोपा वाईच." वडील कुणाचं ऐकत नसत, पण त्या दिवशी झोपले.

मीही ती युक्ती त्यांच्याकडूनच शिकलो. माझ्या हातावर हात ठेवून त्यांनी मडगार्ड दाबायला लावलं होतं. "कानानं न्हाई, तळव्यानं ऐकायचं, गड्या."

त्या वर्षी माझा साखरपुडा साताऱ्याला ठरला. आईवडील आगगाडीनं पुढे गेले. मी आणि अक्का मोटारीतून जाणार होतो. खरं सांगायचं तर हट्ट माझा होता. मुलीच्या दारात मला मोटारीतून उतरायचं होतं. दाजींनी एका मोडीत निघालेल्या लॉरीचे पाटे मिळवले, कापून घेतले, त्यांच्या टोकांच्या झिजलेल्या बुशा बदलल्या, जुन्या मोटेचं कातडं अक्काच्या करडीच्या तेलात भिजवून पाट्यांवर गुंडाळलं. "भज्यांना थेंब नाही आणि म्हातारीला अभ्यंग!" म्हणून अक्कानं दोन दिवस अबोला धरला होता.

मी सकाळी कुंडलला पोचलो, तेव्हा दाजी अंगणात नव्हते. पैठणी नेसलेली अक्का ओटीचं सामान टोपलीत रचत होती. म्हणाली, "हे लोहाराकडे गेलेत. जाता जाता गोठ्याकडून ओरडून गेले, मागचा पाटा बसला म्हणून सांग त्याला."

"बसला?"

"बसला. झालं एकदाचं. चल, उन्हं चढायच्या आत निघू."

आपल्या बोलण्यात दार चौकटीत बसतं, चूल बसते, तसा पाटाही जागेवर बसतो. अक्कानं तोच अर्थ घेतला. गाडीवाल्यांच्या बोलण्यात मात्र पाटा बसला म्हणजे दबला, त्याची ताकद गेली. मी गाडी चालवत होतो. मला दोन्ही अर्थ माहीत होते.

दाजींना मी इथपर्यंतच कळू दिलं, की निरोपाचा घोटाळा झाला. पुढचं कित्येक वर्षं सांगितलं नाही. अक्का टोपली घ्यायला आत गेली, तेव्हा मी मागे जाऊन मडगार्डवर तळवे ठेवले, दाबलं, सोडलं. ते वर आलं नाही. जरासं कुईं केलं आणि तिथेच राहिलं. माझ्या तळव्यांनी ऐकलं. मी हात धोतराला पुसले आणि अक्काला म्हणालो, "चल."

कऱ्हाडच्या अलीकडच्या उतारावर पाटा तुटला. मागचं चाक तिरकं झालं आणि गाडी उजवीकडे ओढ्यात कलंडली. अक्का मागे होती, नेमकी त्या पाट्याच्या वर. ओटीचे नारळ उतारावरून गडगडत गेले, ते मला अजून दिसतात. मला खरचटलं. अक्का कऱ्हाडपर्यंतही पोचली नाही.

बातमी कळली तसे दाजी ओढ्यावर आले, ते खांद्यावर लोहाराकडून आणलेला दुसरा पाटा तसाच घेऊन. त्यांनी मला एवढंच विचारलं, "तिनं निरोप दिला न्हाई व्हय?"

"दिला. पाटा बसला म्हणाली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "दबला म्हणाया पायजे हुतं. तिला कसं कळावं? मीच म्हणलो, बसला." आणि खांद्यावरचा पाटा खाली ठेवला. तेव्हा माझ्या तोंडात एक वाक्य होतं. ते मी गिळलं. त्या दिवसापासून दाजींच्या बोलण्यातून तो शब्द गेला.

म्हातारी त्यांनी परत आणवली, दुरुस्त केली, आणि अंगणात चारी बाजूंना दगड रचून त्यांवर ठेवून दिली. पाट्यांवर कसला भार म्हणून पडू द्यायचा नाही. आत कोंबड्या अंडी घालायच्या. कुणी विचारलंच तर म्हणत, "इश्रांती दिलीया तिला. लय वझी वाहिली." माझं लग्न पुढे त्याच मुलीशी झालं, गाजावाजा न करता. दाजी आले, माझ्या पाठीवरून हात फिरवला. खांदा मात्र त्यांनी दाबला नाही. त्यानंतर कधीच दाबला नाही. मी त्यांच्यासमोर जरा लांबच उभा राहायला शिकलो होतो.

युद्ध संपलं, पेट्रोल मिळू लागलं. दोनेक वर्षांनी दाजी अंथरुणाला खिळल्याचा निरोप आला आणि मी कुंडलला गेलो. खाट अंगणात होती, म्हातारी दिसेल अशी. माणूस चिपाडासारखा झाला होता. मला पाहून "ये" म्हणाले. 'टेक' म्हणण्याएवढा दम राहिला नव्हता. मी खाटेशी उभा राहिलो आणि इतकी वर्षं गिळलेलं वाक्य बाहेर आलं. "दाजी, त्या दिवशी मी मडगार्ड दाबून बघितलं होतं. ते वर आलं नव्हतं."

त्यांनी डोळे माझ्यावरून काढले नाहीत. हात उचलायचा प्रयत्न केला, म्हणून मी वाकलो. तळवा माझ्या खांद्यावर आला. त्यात वजन असं नव्हतंच. तरी त्यांनी दाबलं आणि सोडलं. माझा खांदा वर आला की नाही, ते त्यांनाच कळलं असेल.

मग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून तो शब्द आला.

"बस."

शेजारी रिकामं स्टूल होतं. ये, जवळ बस, असं ते म्हणाले, की आता पुरे, पुढे बोलू नकोस, असं म्हणाले, हे मला कळलं नाही. त्यांनी डोळे मिटले नव्हते, विचारता आलं असतं. एका शब्दाचे दोन अर्थ माझ्यासमोर दुसऱ्यांदा आले होते, आणि या वेळीही मी विचारलं नाही.

संध्याकाळी ते गेले. तोवर मी उभाच होतो.