नापास बिस्किटं

सातपूरच्या बसथांब्याजवळच्या चहाच्या टपरीवर तो मला रोज भेटतो. तो औषधाच्या गोळ्यांच्या कारखान्यात आहे. पट्ट्यावरून सरकणाऱ्या गोळ्यांतल्या तुटक्या, डागाळलेल्या गोळ्या वीस वर्षं वेचून बाजूला काढतोय. ती सवय चहातही उतरली आहे. बिस्कीट दोन्ही बाजूंनी उलटून बघतो आणि कोपरा तुटका निघाला की "नापास" म्हणून बशीत ठेवून देतो.

मी फार्मसी कॉलेजात शिकवतो, त्यामुळे कुणी न विचारता भविष्य सांगायचा मला जणू परवानाच आहे. त्याच्या कारखान्यात गोळ्या तपासणारा कॅमेरा आला, तेव्हा मी त्याला सुनावलं, "आता नवीन काहीतरी शिका, नाहीतर बाद व्हाल."

"हो ना सर," तो शांतपणे म्हणाला. "खराब गोळी कशी ओळखायची, ते त्या कॅमेऱ्याला सध्या मीच शिकवून राहिलो."

मी घाईघाईने माझ्या व्याख्यानाचं पत्रक त्याच्या हातात दिलं. 'औषध उद्योगातील करिअर : उद्याच्या संधी'. त्याने ते उलटसुलट केलं, उजेडात धरलं, तारखेवर अंगठा फिरवला आणि नखाने हळूच स्टिकर उचललं. खाली तीन वर्षांपूर्वीची तारीख होती.

"सर, आमच्याकडं तारखेवर तारीख चिकटवली, तर अख्खा माल जाळतात."

आवाजात कुचेष्टा नव्हती, काळजीच होती. मग त्याने पत्रकाची नीट घडी घातली आणि ते बशीत ठेवलं, तुटक्या बिस्किटांशेजारी.