चालत्या जेवणाचा तह

भांडण दिसलं आणि ते मिटवलं नाही, असं माझ्या थोरल्या मामांच्या हातून जन्मात कधी झालं नाही. बांधावरून कुऱ्हाडी उगारलेले भाऊ मामांच्या घराच्या सोप्यात बसून, चहा पिऊन गळ्यात गळा घालून बाहेर पडायचे. एकदा बसमध्ये खिडकीसाठी दोन बायका भांडत होत्या. मामांनी निम्मी निम्मी खिडकी वाटून दिली आणि त्या नादात स्वतः उतरायचंच विसरले.

अशा माणसाच्या रक्तात साखर निघाली आणि डॉक्टर भेटले तेही दोन! एकाने भाकरी बंद केली. दुसरा म्हणाला, भाकरी सोडलीत तर चक्कर येऊन पडाल. एक म्हणे जेवून चाला, दुसरा म्हणे उपाशीपोटी. मामांच्या जागी दुसरा कुणी असता तर एकाचं ऐकून मोकळा झाला असता. मामांना मात्र ते गोड लागेना. "दोघंबी शिकलेली माणसं हाईत. एकाला खोटं कसं पाडायचं?" शेवटी त्यांनी तह केला: भाकरी अर्धीच, आणि तीही चालता चालता खायची. म्हणजे चालणं ना जेवणाआधी, ना जेवणानंतर!

झालं. रोज संध्याकाळी, कळंबा तळ्यावरचं ऊन मऊ झालं की मामा अर्ध्या भाकरीत झुणका घालून केलेली गुंडाळी हातात धरून निघायचे. बगळे परतत असायचे, पाणी हळूहळू जांभळं व्हायचं, आणि मामा झोपेत चालल्यासारखे घास चघळत जायचे. समोरून कुणी आलं की न थांबता म्हणायचे, "या पावणं, जेवायला!"

इकडे घरात मामी एकटी पडली. लग्नापासून ती मामांसमोर बसून जेवत आलेली. आता एकटीच्या घशाखाली घास उतरेना. मला म्हणाली, "साऱ्या गावाची भांडणं मिटवली ह्यांनी. माझ्यासंगं कोण भांडलंच न्हाय, मग माझं मिटवायचं कुणी?"

मला फार वाईट वाटलं. मी मामांना तळ्यावर गाठून ते जसंच्या तसं सांगितलं. हातातली उरलेली भाकरी तशीच गुंडाळून ते घराकडे वळले.

दुसऱ्या संध्याकाळी पाहतो तर तळ्याच्या बांधावर घोंगडं अंथरलेलं, मामा मांडी घालून बसलेले आणि समोर मामी. एकच भाकरी मोडून दोघं निवांत जेवत होती.

"मामा, आणि डॉक्टरांचं?"

"भांडू दे की वाईच त्यास्नी. जेवून हिच्यासंगं फेरी मारतो."

हल्ली घरी एकट्याने ताट वाढून घेतलं की तो बांध आठवतो. वाटतं, कुणीतरी आपलं जगभराचं भांडण तसंच सोडून यावं आणि माझ्यासमोर जेवायला बसावं.