पाय उगवतीला

आमच्यात मेलेल्या माणसाचे पाय पूर्वेकडे ठेवतात. प्रभू पूर्वेकडून येणार, आणि त्या दिवशी कबरीत उठून बसलेल्याचं तोंड आपोआप त्याच्याकडे असावं, म्हणून. सालेकशाच्या जंगलाला लागून आमची सहाच ख्रिस्ती घरं होती, पण एवढं तिथल्या लेकरालाही ठाऊक होतं.

मानमोडीच्या साथीच्या साली आई गेली. घरोघरी माणसं तापाने पडली होती, धान शेतात उभंच होतं. मी बारा वर्षांची. मीच आईला चादरीत गुंडाळलं आणि पायाकडच्या गाठीला लाल चिंधी बांधली, उलटसुलट होऊ नये म्हणून. आमच्यातलं कोणीच उठण्यासारखं नव्हतं. शेवटी शेजारचे दोघे गोंड भाऊ आले, खड्डा त्यांनीच खणला. त्यांच्याही घरी एक प्रेत पडून होतं, त्यामुळे त्यांना घाई होती. बाबा तापाने फणफणलेले, मोहाच्या झाडाला टेकून डोळे मिटून बसले होते.

आईला खाली ठेवलं तेव्हा चिंधी मावळतीच्या बाजूला होती. मी पाहिलं. तोवर माती पडायला लागली होती.

"पाय उगवतीले हायेत ना वं?" बाबांनी विचारलं.

मी हो म्हणाले. त्या दोघांना पुन्हा खड्ड्यात उतरा म्हणायला माझी जीभ रेटली नाही. भित्री होते, दुसरं काय.

बाबा वाचले, आणि पुढची वीस वर्षं माझ्या त्या 'हो'वर जगले. दुसरं लग्न केलं नाही, मोहाची दारू सोडली. मी खोटं बोलले किंवा कामात अंग चोरलं की त्यांचं एकच म्हणणं, माय उठेल तेव्हा तिला काय सांगशील? दर पावसाळा सरला की ते आईचं लुगडं उन्हात घालत, तिला नेसायला लागेल म्हणून. रानातलं तडस उकरतं म्हणून त्यांनी कबरीवर दगड रचले, पण पश्चिमेची, म्हणजे त्यांच्या लेखी डोक्याकडची, बाजू मोकळी ठेवली. उठताना तिच्या छातीवर ओझं नको. ते ओझं नेमकं कुठे होतं, हे मला एकटीला माहीत होतं. ईस्टरच्या पहाटे सगळे कबरींपाशी उभे राहून गात, आणि मी नुसते ओठ हलवत असे. ज्या दिवसाची सगळे वाट पाहत, त्याचीच मला धास्ती वाटे.

बाबा शेवटचे अंथरुणाला खिळले तेव्हा मी सांगून टाकलं.

"काऊन नाही सांगितली? दगड तरी काढलो असतो," ते म्हणाले. मग, "मले बी तसाच ठेवजो. पाय मावळतीले. एकटी उठल तं तिच्या बाजूले कोनी पायजे."

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या पंचांना मी त्यांची इच्छा सांगितली. त्यांनी कारण विचारलं आणि मी गप्प बसले. आजारपणात माणूस काहीबाही बोलतो, असं म्हणून त्यांनी बाबांना आईशेजारी रीतसर ठेवलं, पाय पूर्वेकडे. मी तिथेच उभी होते, याही वेळी.

सगळे गेल्यावर आईच्या कबरीवरचे दगड मी काढले. बोटं सोलून निघाली. आता प्रभू आला की बाबा त्याच्याकडे पाहतील आणि आई जंगलाकडे. मला कुठे तोंड करून ठेवायचं, ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.