आत्याचा हायब्रिड वर्ग

आमच्या आत्याच्या पायाला भिंगरी आहे. ती विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवते, आणि शिकवते म्हणजे वर्गभर पळते. मी तिची भाची आणि तिच्याच वर्गातली विद्यार्थिनी, त्यामुळे मला घरीदारी सुटका नाही.

त्या वर्षी आमच्या वर्गातल्या नर्सताईंना दिवस गेले होते आणि डॉक्टरांनी ताकीद दिली, पलंगावरून उठायचं नाही. नोकरी सांभाळून शिकणारी बाई. हजेरी भरली नाही तर वर्ष बुडणार. आत्याने तडक वर्ग हायब्रिड करायची परवानगी मागितली. म्हणजे आम्ही बाकांवर, नर्सताई पडद्यावर. विद्यापीठाचा नियम सरळ होता: घरी असलेल्याला वर्गातल्याइतकंच दिसलं, ऐकू आलं आणि विचारता आलं, तरच परवानगी. ते तपासायला एक सर स्वतः घरून तासाला बसणार होते.

रंगीत तालमीत आत्या जीव तोडून शिकवत वर्गभर फिरली. कॅमेरा मात्र टेबलावर, एका जागी. शेवटी नर्सताई म्हणाल्या, "बाई, तुमची खुर्ची फार शांतपणे शिकवते."

आमची हसून मुरकुंडी वळली. पण धडा घेतला. तपासणीच्या दिवशी आम्ही चहूबाजूंनी बाकं लावली आणि आत्याला कॅमेऱ्यासमोर वासरासारखं कोंडलं. ती बिचारी एका जागी उभी राहून, लांब जाणाऱ्या सायरनचा सूर का उतरतो, हे पाठ म्हटल्यासारखं सांगू लागली. मागे जांभया सुरू झाल्या. पडद्यावरच्या सरांचा चेहरा कोरडा.

"बाई," नर्सताईंचा आवाज आला, "तुम्ही हिंडा हो. असं उभं राहून सांगितलेलं डोक्यात शिरत नाही."

आत्याने एकदा सरांकडे पाहिलं, बाह्या सरसावल्या आणि समोरचं बाक ढकललं. सेलवर वाजणारा बझर दोरीला बांधून ती डोक्याभोवती गरागरा फिरवत वर्गभर पळू लागली. सूर चढे, उतरे, पुन्हा चढे. मी कॅमेरा उचलून तिच्या मागे धावले, मागच्यांनी भराभर बाकं बाजूला केली. सगळा वर्ग उभा राहिला होता. त्या खोलीत इतकी मजा मला कधीच आली नव्हती.

"पण बाई," म्हणत नर्सताई हात वर करून उठायला गेल्या, तर मागून त्यांच्या सासूबाईंनी दटावून त्यांना आडवं केलं. नर्सताई पडल्यापडल्याच म्हणाल्या, "मी इतकी वर्षं अँब्युलन्समध्ये आत बसून गेले. मला सायरन कायम एकाच सुरात ऐकू आला. असं का?"

"कारण तुम्ही त्याच्याबरोबरच पळत होतात," आत्या धापा टाकत म्हणाली. "तो तुमच्यापासून ना लांब गेला, ना जवळ आला."

तेवढ्यात पडद्यावर सरांचा हात वर आला.

"परवानगी दिली हो," ते घाईघाईने म्हणाले. "पण मला एक शंका आहे. समजा, सायरन जागेवरच आहे आणि आपण..."

"थांबा सर," नर्सताई म्हणाल्या. "माझं अजून विचारून झालेलं नाही. हात मी आधी वर केला होता."