हरण्याची सवय

मैना नाखवा बाळंतिणींच्या घरी जाऊन नवजात बाळं तपासते. तपासणीच्या शेवटी एक शर्यत असते. बाळाच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला मैना. दोघींनी हळू बोलायचं आणि बाळ कुणाकडे वळतं ते बघायचं. अकरा वर्षं मैना हरत आली होती. हरण्यासाठीच तिला बोलावतात म्हणा ना! तिला स्वतःला मूल नव्हतं. त्याचं वाईट वाटायचंही केव्हाच थांबलं होतं.

रोडपालीच्या रुचिराची लेक नऊ दिवसांची. रुचिरा भिंतीकडे बघत बसली होती.

"काय बोलू?"

"कायपण बोला. भाजीची यादी बोला."

"बटाटे... कांदे..." रुचिरा भिंतीकडेच बघत पुटपुटली.

"गो बाय, इकडं बघ," मैना सवयीने म्हणाली. पोरीने सावकाश मान वळवली आणि थेट मैनाकडे पाहिलं.

"मला ओळखत नाही ना ती?" रुचिराच्या आवाजात रडूसुद्धा नव्हतं.

"नाय ओ, मीच मोठ्याने बोलले. परत करू," मैना खोटं बोलली.

या खेपेला रुचिरा "टोमॅटो" म्हणाली, तेव्हा मैनाने नुसते ओठ हलवले. पोर आईकडे वळली. रुचिरा तिच्याकडे बघत पुढची भाजी आठवू लागली.

मैनाने फॉर्मवर खूण केली, खाली 'आईसाठी परवा पुन्हा येणे' असं लिहिलं आणि ती निघाली. जिना उतरताना तिच्या ध्यानात आलं, आपले ओठ अजून हलताहेत. गो बाय, इकडं बघ.